पासवर्ड 'ॲडमिन १२३' ठेवलाय? मग रात्रभर कुणीतरी तुमच्या सर्व्हरची कडी वाजवतंय!

गावोगावी आता कॅमेरे लागलेत. किराणा दुकान, दूध संकलन केंद्र, पतसंस्था, मंगल कार्यालय, कुठंही जा, कोपऱ्यात कॅमेरा दिसतोच. त्या सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी ज्या काळ्या डब्यात जातात तो डीव्हीआर टीव्हीशेजारी नाहीतर कपाटावर धूळ खात पडलेला असतो. त्याला कुणी संगणक म्हणत नाही. पण बहुतेक डीव्हीआरच्या आत लिनक्स नावाची प्रणाली चालते. फायबरच्या राउटरमध्येही बहुधा तीच. शेतकरी उत्पादक कंपनीची वेबसाईट किंवा दूध संस्थेचा हिशेब ज्या भाड्याच्या सर्व्हरवर असतो, तिथंही बऱ्याचदा लिनक्सच.

या प्रत्येकाला इंटरनेटच्या बाजूनं एक दार असतं. नाव आणि पासवर्ड टाकला की ते उघडतं. लांब बसून सर्व्हर चालवता यावा म्हणून ठेवलेल्या या दाराला एसएसएच म्हणतात आणि त्याचा ठरलेला क्रमांक २२. जुन्या, स्वस्त डब्यांमध्ये टेलनेट नावाचं त्याहून कच्चं दार असतं, क्रमांक २३. असं दार इंटरनेटवर उघडं राहिलं की काही तासांत, कधी तर काही मिनिटांतच, अनोळखी मंडळी पासवर्ड टाकून बघायला लागतात. यालाच ब्रूट फोर्स हल्ला म्हणतात.

नाव मोठं असलं तरी प्रकार साधा आहे. प्रवासाच्या बॅगेचं तीन आकडी कुलूप विसरलं तर माणूस काय करतो? ००० पासून सुरू करतो आणि एकेक आकडा फिरवत बसतो. हजारच शक्यता असतात, अर्ध्या-पाऊण तासात बॅग उघडते. इथं आकडे फिरवायला माणूस नाही, यंत्र आहे. ते दमत नाही, झोपत नाही. चार आकडी पिन असेल आणि सेकंदाला एकच प्रयत्न केला, तरी पावणेतीन तासांत सगळे १०,००० आकडे संपतात.

खरं तर यंत्राला एवढेही कष्ट पडत नाहीत. लोक कोणते पासवर्ड ठेवतात याच्या तयार याद्या फिरत असतात. रूट, ॲडमिन, टेस्ट, युजर ही नावं आणि त्यापुढं १२३४५६, पासवर्ड, ॲडमिन १२३. आपल्याला सुचलेला सोपा पासवर्ड जगात आणखी लाखोंना सुचलेला असतो, ही यातली मेख.

'आमच्याकडं लुटायला आहेच काय?'

हा प्रश्न हमखास येतो. दुकानात चार कॅमेरे, त्यात गिऱ्हाईकं येताना-जाताना दिसतात, ते बघून चोराला काय मिळणार? पण चोर तुम्हाला शोधत आलेलाच नसतो. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन बनवलं. वेगवान जोडणी असेल तर एकाच संगणकावरून एवढे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत ठोठावून होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे मुंबईची बँक आणि वाडीवरचं दुकान यात यंत्राला फरकच नाही. ज्याची कडी सैल, त्याच्या घरात ते शिरतं.

आत शिरल्यावर त्याला तुमचं चित्रीकरण नको असतं. त्याला हवी असते तुमची जागा: तुमचा डबा, तुमची वीज, तुमचं इंटरनेट. त्यावरून दुसऱ्यांवर हल्ले करायचे, आभासी चलन खोदायचं, किंवा स्वतःचा पत्ता लपवून तुमच्या पत्त्यावरून भलतेच उद्योग करायचे. आणि कनेक्शन तुमच्या नावावर आहे. उद्या पोलिसांनी तो पत्ता काढला, तर पहिली चौकशी तुमच्या दारात येणार.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०१६ चं. त्या वर्षी मिराई नावाचा घातक प्रोग्राम पसरला. त्याच्याकडं कोणतीही जादू नव्हती. कारखान्यातूनच येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची एक यादी, बस. टेलनेटचं दार दिसलं की तो त्या जोड्या टाकून बघायचा. एवढ्यावर त्यानं जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. भर होता तेव्हा हा आकडा सुमारे ६ लाखांवर गेला होता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच डब्यांच्या फौजेनं डाइन या अमेरिकी कंपनीवर मारा केला. ही कंपनी वेबसाईटच्या नावावरून तिचा पत्ता सांगण्याचं काम करायची. ती कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय अशा मोठमोठ्या सेवा अमेरिकेतल्या लोकांना तासन्‌तास उघडेनात.

मिराई बनवणारे तीन तरुण होते आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. मात्र त्याआधीच, सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस, त्यांनी आपला कोड इंटरनेटवर टाकून दिला होता. त्याची पिल्लावळ आजही फिरतेय.

डीव्हीआरवाल्यांनी आधी दार बंद करावं

मिराईतून एक गोष्ट पुढं आली, ती दुकानदारांनी नीट ध्यानात घ्यावी. त्यातल्या काही डब्यांचा टेलनेटचा पासवर्ड कारखान्यातच आत कोरलेला होता. मालकानं स्क्रीनवर पासवर्ड बदलला तरी आतला तसाच राहायचा. म्हणून पासवर्ड बदलणं गरजेचं असलं तरी पुरेसं नाही. दारच बाहेरून दिसू नये, हा पक्का उपाय.

दार उघडं राहतं कसं? कॅमेरा मोबाईलवर दिसावा म्हणून बसवणारा कारागीर कधी कधी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून ठेवतो. म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटर थेट डीव्हीआरपर्यंत नेऊन सोडतो. काही राउटरमध्ये यूपीएनपी नावाची सोय चालू असते. तिच्या जोरावर डबा मालकाला न विचारताच स्वतःसाठी दार उघडून घेतो. कारागिराला बोलावून या दोन्ही गोष्टी बंद करून घ्या. कंपनीच्या ॲपमधून चित्र बघायला बहुतेक वेळा त्यांची गरजच नसते. डबा आणि राउटर या दोघांचे पासवर्ड स्वतः टाका, कारागिराला टाकू देऊ नका. गावातल्या चाळीस दुकानांना एकच पासवर्ड देऊन मोकळा होणारा कारागीर विरळा नाही.

ज्यांचा स्वतःचा सर्व्हर आहे त्यांच्यासाठी

हल्ली महिना काही शे रुपयांत भाड्याचा लिनक्स सर्व्हर मिळतो. तालुक्याच्या ठिकाणी शिकलेली पोरं संस्थेसाठी, गावच्या वेबसाईटसाठी तो घेतातही. त्यांनी एकदा आपल्या सर्व्हरची लॉगिनची नोंदवही उघडून बघावी. उबुंटू किंवा डेबियनवर ती बहुधा ऑथ डॉट लॉग या फाईलमध्ये असते, रेड हॅटच्या कुळातल्या प्रणालीत सिक्युअर नावाच्या फाईलमध्ये. 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट' अशा ओळींची रांगच्या रांग दिसेल. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण या ओळी म्हणजे अपयशी प्रयत्न. काळजी करायची ती अनोळखी पत्त्यावरून आलेल्या 'ॲक्सेप्टेड' या ओळीची.

उपायांमध्ये सगळ्यात भरवशाचा म्हणजे पासवर्डची पद्धतच बंद करून किल्लीची पद्धत लावणं. आपल्या संगणकावर एसएसएच-कीजेन या आज्ञेनं एक जोडी तयार होते. तिच्यातला एक भाग म्हणजे कुलूप, तो सर्व्हरवर ठेवायचा. दुसरा भाग किल्ली, ती आपल्याच संगणकात राहते आणि कुणालाही द्यायची नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच नाही. ही किल्ली इतकी लांबलचक असते की अंदाजानं ती सापडणं अशक्य. मग यंत्र रात्रभर कडी वाजवू दे.

किल्ली चालतेय याची खात्री झाली की एसएसएचच्या सेटिंगमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' आणि 'परमिट रूट लॉगिन' या दोन्हींपुढं 'नो' लिहायचं. इथं घाई करणारे हमखास फसतात. आधी उघडलेली खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून आत शिरून बघा. जमलं तरच पहिली बंद करा. नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर उभं राहायची पाळी येते. किल्लीची एक जादा प्रत पेन ड्राइव्हवर, कपाटात ठेवलेली बरी.

आणखी एक खोड. भाड्याच्या उबुंटू सर्व्हरवर कधी कधी क्लाउड-इनिट नावाची छोटी फाईल आधीच ठेवलेली असते. तिच्यात पासवर्डला 'येस' लिहिलेलं असतं आणि ती मुख्य फाईलच्या आधी वाचली जाते. आपण 'नो' लिहून निवांत, सर्व्हर मात्र पासवर्ड घेतोच आहे! म्हणून सेटिंग बदलल्यावर सर्व्हर खरोखर काय मानतोय ते 'एसएसएचडी' पुढं मोठा 'टी' पर्याय देऊन तपासावं.

यानंतर नंबर लागतो फेल-टू-बॅनचा. हे फुकट मिळतं. ते नोंदवही वाचत बसतं आणि एकाच पत्त्यावरून १० मिनिटांत ५ वेळा चुकीचा प्रयत्न झाला की त्या पत्त्याला १० मिनिटं बाहेर काढतं. हे त्याचे मूळचे आकडे. मघाचा पावणेतीन तासांचा हिशेब एवढ्यानं जवळपास १४ दिवसांवर जातो. बंदी एका दिवसाची केली तर साडेपाच वर्षांवर. बदल मूळ फाईलमध्ये करू नयेत. जेल डॉट लोकल नावाची वेगळी फाईल करून त्यात लिहावेत, म्हणजे पुढच्या अपडेटमध्ये ते पुसले जात नाहीत.

तरी फेल-टू-बॅन म्हणजे राखणदार, भिंत नव्हे. हल्लेखोरांकडं हजारो पत्ते असतात. एकेका पत्त्यावरून दोन-दोनच प्रयत्न केले तर राखणदाराला पत्ताही लागत नाही. शिवाय मोबाईल इंटरनेटवर अनेक ग्राहक मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरतात. एकाच्या चुकीनं त्या पत्त्यावर बंदी आली की आपला ऑपरेटरही बाहेर राहतो.

पोर्ट २२ बदलून दुसराच क्रमांक ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यानं नोंदवहीतला गोंगाट कमी होतो, एवढंच. शोधणारा शोधतोच. त्यापेक्षा फायरवॉलनं ते दार फक्त आपल्या ऑफिसच्या ठरलेल्या पत्त्यालाच दिसेल असं केलेलं केव्हाही चांगलं. ठरलेला पत्ता नसेल तर वायरगार्डसारखा खासगी बोगदा घालून त्यातूनच ये-जा ठेवता येते.

शेतात मोटर चालू-बंद करायला किंवा ओलावा मोजायला काही जण रास्पबेरी पाय वापरतात. त्यात पूर्वी 'पाय' हे नाव आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड तयारच यायचा. एप्रिल २०२२ पासून कंपनीनं ते नाव काढून टाकलं. मात्र त्याआधीचं कार्ड तसंच चालू असेल, तर आज संध्याकाळीच बदलावं.

कुणी आत शिरलंच असेल तर

डीव्हीआर किंवा राउटर विनाकारण तापतोय, इंटरनेट रेंगाळतंय, पासवर्ड आपोआप बदललाय, अशा वेळी आधी इंटरनेटची वायर काढा. मिराई फक्त तात्पुरत्या मेमरीत राहायचा, त्यामुळं डबा बंद-चालू केला की निघून जायचा. पण पासवर्ड तोच ठेवून परत जोडला तर काही मिनिटांत पुन्हा यायचा. म्हणून आधी रिसेट, मग नवा पासवर्ड, मग कंपनीचं अपडेट आणि पोर्ट बंद केल्यावरच वायर.

सर्व्हरच्या बाबतीत साफसफाईवर विसंबू नये. नवा सर्व्हर घेऊन जुन्या, चांगल्या बॅकअपवरून माहिती परत भरावी. काही पुसण्याआधी नोंदवहीची प्रत काढून ठेवा, तपासात तोच पुरावा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात देता येते. कंपन्या आणि सरकारी कार्यालयांना तर अशी घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेला कळवणं एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार बंधनकारक आहे. संस्थेचा ऑपरेटर नोकरी सोडून गेला असेल, तर त्याचं कुलूप सर्व्हरवरून त्याच दिवशी काढायचं. ते काम सचिवांनी कुणावर सोपवलंय का, हे पुढच्या बैठकीत विचारायला हरकत नाही.