मांजरे नसलेला मुलूख

फाल्गुनात सातपुड्यात होळ्या पेटायच्या वेळेस सुरतेकडून येणारी गाडी नंदुरबारच्या स्टेशनावर भरून येते. अक्कलकुवा, धडगाव, तळोदे, शहादे या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला नि बांधकामावर गेलेली माणसे होळीसाठी घरी परततात. डोक्यावर गोधड्यांचे गाठोडे, हातात भांड्यांची पिशवी आणि कडेवर पोर. त्यांच्यापैकी काहींचा हंगाम संपलेला असतो, काहींना पुन्हा जायचे असते. आपली व्याख्यानमाला याच दिवसांच्या पाठोपाठ भरते. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्याने लहान मुलांच्या एका बोलपटाविषयी बोलावे, याचे कोणाला नवल वाटले, तर त्याचे कारण याच गाडीत आहे. तो बोलपट पोटासाठी मुलूख सोडणाऱ्या एका कुटुंबाचा आहे. कुटुंब उंदरांचे आहे, इतकेच.

बोलपटाचे नाव ‘ॲन अमेरिकन टेल’. १९८६ साली तो निघाला. दिग्दर्शक डॉन ब्लुथ, आणि पाठीशी उभे राहिलेले निर्माते स्टीव्हन स्पीलबर्ग. चित्रे काढून, ती हलती करून केलेला हा बोलपट. मुले ज्याला कार्टून म्हणतात तो प्रकार. त्यातल्या उंदराच्या पोराचे नाव फायवेल. हे नाव स्पीलबर्ग यांच्या आजोबांचे. म्हणजे उंदराच्या कातड्याआड रशियातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू माणसांची खरी हकीकत आहे. १८८१ साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला. त्यानंतर ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले आणि लाखो माणसे पुढच्या काळात अमेरिकेच्या वाटेला लागली. बोलपटाची कथा १८८५ सालची आहे. कोसॅक घोडेस्वार वस्ती जाळतात, त्यांची मांजरे उंदरांवर तुटून पडतात, आणि फायवेलचा बाप बायकामुले घेऊन हॅम्बुर्गहून बोटीत बसतो.

बोटीवर इटलीचा उंदीर भेटतो, आयर्लंडचा भेटतो. प्रत्येकाचे मांजर निराळे, दुःख तेच. आणि सर्वांची एकच श्रद्धा: अमेरिकेत मांजर नावाचा प्राणीच नाही, आणि रस्त्यारस्त्यांवर चीज पडलेले आहे. हे त्यांना कोणी सांगितले, हे कोणीच विचारत नाही.

आमच्या मते सबंध बोलपटाचे मर्म या एका श्रद्धेत आहे. घर सोडणारा माणूस नुसत्या भुकेने घर सोडत नाही. तिकडे मांजर नाही असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. आपल्याकडे ते सांगायला मुकादम येतो. तो बहुधा पावसाळ्यात येतो, कारण तेव्हा घरातले धान्य सरलेले असते. तो उचल देतो, म्हणजे पुढच्या मजुरीचे पैसे आगाऊ. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव मिळते, आणि वहीत नोंद होते ती कोयत्याची. बाप्या ऊस तोडतो, बाई पाचट काढून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते. मजुरी टनावर ठरते आणि उचल त्यातून फिटत जाते; न फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. सोबत आलेले पोर कोणत्याही वहीत नसते. ते पाचटाच्या झोपडीत धाकट्या भावंडाला सांभाळते.

नाव हरवण्याचा हा प्रकार बोलपटातही आहे. बंदरावर नोंद करणारा कारकून फायवेलच्या बहिणीचे तान्या हे नाव बदलून टिली करून टाकतो. फायवेल तर वादळात बोटीवरून समुद्रात फेकला जातो आणि एका बाटलीत बसून एकटाच न्यूयॉर्कच्या किनाऱ्याला लागतो. तिथे त्याला वॉरन नावाचा एक उंदीर भेटतो. घरच्यांकडे पोचवतो, असे गोड बोलून तो या पोराला एका कपड्याच्या कारखान्यात विकून मोकळा होतो. पुढे उघडकीस येते की हा वॉरन मुळी उंदीरच नाही; खोटे नाक लावलेले मांजर आहे, आणि मांजरांपासून रक्षण करतो असे सांगून तो उंदरांकडूनच पैसे उकळतो आहे.

येथे आमचा अनुभव थोडा निराळा आहे, तो सांगितला पाहिजे. आपला मुकादम सोंग घेतलेले मांजर नसतो. तो पुष्कळदा त्याच पाड्यातला, कधी काळी स्वतः ऊस तोडलेला, खराखुरा उंदीर असतो. म्हणूनच त्याच्या शब्दावर विश्वास बसतो, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणे अवघड जाते. हा बोलपट आम्ही एकदा परत आलेल्या टोळ्यांच्या पोरांना दाखवला होता. संपल्यावर एका मुलाने विचारले की, फायवेलच्या बापाने उचल घेतली होती का? त्या पोराला कथा आमच्यापेक्षा अधिक कळली होती.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा आपल्या म्हणीतला जुना प्रश्न. म्हणीतले उंदीर सभा भरवतात आणि घरी जातात. या बोलपटातले उंदीर सभा भरवतात आणि कामाला लागतात. बापाने सांगितलेल्या एका गोष्टीतला राक्षसी उंदीर ते लाकूड, चाके आणि शोभेची दारू यांतून सर्वजण मिळून तयार करतात, आणि मांजरांना बंदरावर रेटत हाँगकाँगला निघालेल्या बोटीवर चढवून देतात. एकट्या शूराने केलेला हा पराक्रम नव्हे.

तथापि मांजर एकदा गेले म्हणजे कायमचे गेले, असे होत नाही. १९९१ सालच्या दुसऱ्या बोलपटात हेच कुटुंब न्यूयॉर्कच्या गरिबीला कंटाळते. एक मांजर उंदराची बाहुली नाचवून पश्चिमेकडच्या सुखाचे वर्णन ऐकवते आणि सगळी वस्ती पुन्हा गाडीत बसते. उंदरांनी आधी गाव बांधून द्यावे आणि मग त्यांना खाऊन टाकावे, असा तो बेत असतो. एकदा फसलेला माणूस पुन्हा कसा फसतो, असे शहाणे लोक विचारतात. त्याचे उत्तर असे की, घरी मागे काही उरलेले नसले म्हणजे फसणे हाच एक धंदा उरतो.

त्यानंतर आणखी दोन भाग झाले. त्यांतला १९९८ सालचा तिसरा भाग बोलपट म्हणून सामान्य, पण आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात उंदीर चीजच्या कारखान्यात राबतात. शहराच्या पोटात, जमिनीखाली, त्या बेटाचे मूळचे रहिवासी असलेले लेनापी उंदीर लपून राहिलेले असतात. त्यांच्यातली एक मुलगी वर येते, तेव्हा मालक मजुरांचा संताप तिच्या जमातीकडे वळवतात. पगाराचा प्रश्न मागे पडतो आणि ‘हे कोण आले’ हा प्रश्न पुढे येतो. शेवटी मजुरांना डाव कळतो आणि त्यांची संघटना उभी राहते.

त्या बेटावर मूळचा रहिवासी एक आणि पोट भरायला आलेला दुसरा. आपल्या जिल्ह्यात हे दोघे एकच आहेत. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे येथील शंभरातले सुमारे एकोणसत्तर लोक आदिवासी. या भूमीचा मूळचा मालक तोच, आणि बोचके बांधून परमुलुखात जाणारा मजूरही तोच. त्याला समुद्र ओलांडावा लागत नाही. नवापूरच्या स्टेशनाचा फलाट थोडा महाराष्ट्रात आणि थोडा गुजरातेत आहे; चार पावले टाकली की झाले देशांतर. शहाद्याच्या श्रमिक संघटनेने १९७२ पासून जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न हाती घेतला, तो याच माणसाचा. परप्रांतात नेलेल्या मजुरांसाठी १९७९ साली कायदाही झाला. २०२० साली संसदेने तो नव्या संहितेत मिळवला. पण कायद्याचा कागद उसाच्या फडात आपोआप पोचत नाही. तो पोचवायला संघटना लागते.

बोलपटाच्या शेवटी फायवेल घरच्यांना सापडतो. बापाने तर आशा सोडलेली असते. एकटी तान्या भाऊ जिवंत आहे असे म्हणत राहते. आपली पोरे समुद्रात पडत नाहीत, ती आईबापांबरोबरच असतात. परंतु घरी भिलोरी किंवा पावरी बोलणारे, शाळेत मराठी शिकू लागलेले पोर चार-सहा महिने गुजराती मुलुखात काढून आले, की ते वर्गात बसूनही हरवलेले असते. २००९ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. या जूनमध्ये आपापल्या भागातल्या शाळेत जाऊन, दिवाळीनंतर हजेरीतून गळालेली नावे कोणती, आणि ती मुले आज कोठे आहेत, एवढे आपण विचारावे. मुकादमाच्या वहीत त्यांचे नाव नाही. शाळेच्या वहीत आहे, तोवर ते पुसू देऊ नये.