ताक फुटतं, मग कढी का फुटत नाही?

नुसतं ताक कधी तापवून पाहिलंय? घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि वाटीभर आंबट ताक पातेल्यात ओतून मंद आचेवर ठेवा. थोड्याच वेळात पिवळसर पाणी एकीकडे आणि पांढऱ्या गुठळ्या दुसरीकडे! ताक फुटलं. आता तेवढ्याच ताकात चमचाभर बेसन घालून रवीने छान घुसळा आणि ढवळत ढवळत तापवा. हे फुटत नाही. उलट दाट आणि मऊसूत होत जातं. मग बेसनाने केलं तरी काय?

दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. त्याचे कण इतके बारीक, की एका मिलिमीटरच्या ओळीत हजारो मावतील! ताज्या दुधात हे कण एकमेकांना दूर ढकलत सुटे तरंगतात. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. आंबटपणा वाढला की हे ढकलणं थांबतं, कण एकमेकांना चिकटतात आणि दही लागतं. घुसळल्यावर दह्याची जाळी मोडते खरी, पण कण पुन्हा चिकटायला तयारच असतात. उष्णता मिळाली की ते घट्ट आवळले जातात आणि त्यांच्यातलं पाणी पिळून बाहेर पडतं.

बेसनात पिष्टाचे दाणे असतात. ताक साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की हे दाणे पाणी शोषून टम्म फुगतात. थोडं पिष्ट पाण्यातही उतरतं आणि सगळं दाट होतं. आता केसीनच्या कणांची अवस्था जत्रेच्या गर्दीत हात सुटलेल्या मित्रांसारखी होते. ते एकमेकांपर्यंत पोचूच शकत नाहीत!

पण बेसन घालायचं गार ताकातच. गरम ताकात टाकलं तर पिठाच्या गोळ्याचा बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो, आतल्या कोरड्या पिठाला पाणी मिळत नाही आणि गुठळी तशीच राहते. ढवळणंही थांबवू नका, कारण बेसन तळाशी बसून करपतं. आपल्याकडे बेसन बेताचं घालतात, म्हणून उकळी येऊ लागली की गॅस बंद करतात. पंजाबी कढी मात्र बराच वेळ रटरटत ठेवतात. तिच्यात बेसन जास्त असतं, त्यामुळे तिला ते सोसतं.

आलं, मिरची, मीठ, किंचित साखर, वरून तूप-जिऱ्याची कढीपत्ता घातलेली फोडणी, की झाली कढी. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते, कारण पाण्यात उतरलेलं पिष्ट पुन्हा एकमेकांना धरू लागतं. गरम करताना थोडं पाणी घाला.

पुढच्या वेळी बेसनाऐवजी तांदळाचं पीठ घालून बघा. ताक फुटतं का, किती दाट होतं, चव कशी लागते, सगळं वहीत लिहून ठेवा.