चार पायांचे बदक

शब्दांचे अर्थ मेंदूत कसे साठवले जातात याविषयी आज जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग ज्यांचे अर्थ हळूहळू पुसले गेले अशा रुग्णांनी शिकवलेला आहे. एंडेल टल्विंग यांनी १९७२ मध्ये स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले : घडलेल्या प्रसंगांची स्मृती, आणि बदक हा पोहणारा पक्षी आहे यासारखे, केव्हा व कोठे कळले हे विसरूनही टिकणारे ज्ञान, म्हणजे अर्थस्मृती. १९७५ मध्ये लंडनच्या एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी ज्यांची ही दुसरी स्मृतीच प्रामुख्याने ढासळली होती अशा तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

पुढे 'सिमँटिक डिमेन्शिया' या नावाने ओळखल्या गेलेल्या या विकारात रुग्ण अस्खलित बोलतो, त्याचे व्याकरण चुकत नाही, कालपरवाच्या घटनाही त्याला बऱ्यापैकी आठवतात. मात्र बदकाला तो आधी नुसते 'पक्षी' आणि काही काळाने नुसते 'प्राणी' म्हणू लागतो. बदकाचे चित्र समोर असताना तो ते नीट उतरवून काढतो, पण चित्र झाकून थोड्या वेळाने काढायला सांगितले की काही रुग्णांच्या बदकाला चार पाय फुटतात, कारण बहुतेक प्राण्यांत समान असलेली लक्षणे शिल्लक राहतात आणि बदकाला बदक ठरवणारे वेगळेपण तेवढे गळून पडते. झीज होते ती कानशिलामागील शंखखंडाच्या पुढच्या टोकाला. यावरून कॅरलिन पॅटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असे मांडले, की वस्तूचे रूप, आवाज, हालचाल यांचे ज्ञान मेंदूच्या आपापल्या भागांत विखुरलेले असले, तरी त्यांची सांगड घालणारे केंद्र या टोकाशी असते.

अर्थाचे नुकसान नेहमीच असे सरसकट होत नाही. वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांच्या १९८४ च्या अभ्यासात नागिणीच्या विषाणूशी नाते असलेल्या हर्पिस विषाणूमुळे मेंदूज्वर झालेल्या रुग्णांना निर्जीव वस्तूंची माहिती बरीच सांगता येई, सजीवांची मात्र फारशी नाही. सजीव मुख्यतः रूपावरून ओळखले जातात आणि अवजारे उपयोगावरून, हे त्यांचे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी सर्व रुग्णांना लागू पडत नाही.

अर्थ शाबूत असणे आणि शब्द सापडणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी होत. रॉजर ब्राउन व डेव्हिड मॅक्नील यांनी १९६६ मध्ये विद्यार्थ्यांना दुर्मीळ शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या, तेव्हा शब्द ओठांवर येऊन अडलेल्यांना त्याचे आद्याक्षर किंवा लांबी पुष्कळदा अचूक सांगता आली. म्हणजे अर्थ हाती होता, ध्वनिरूप अर्धेच गवसले होते. वाढत्या वयात ही अडवणूक वाढते, आणि तिचा सर्वाधिक फटका माणसांच्या नावांना बसतो, कारण नावाला चेहऱ्याशी बांधणारा अर्थाचा धागा मुळातच नसतो.