कोल्हापूरचा रेडिओ सांगलीहून यायचा

आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र मिळण्यासाठी कोल्हापूरला गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत थांबावं लागलं. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला ते हे शहर, सुधीर फडके जन्मले तेही हेच. मुंबईत 1927 साली प्रसारण सुरू झालं, धारवाडला 1950 मध्ये आणि पुण्याला 1953 मध्ये केंद्र निघालं. 1963 मध्ये दक्षिण महाराष्ट्राची पाळी आली, तेव्हा केंद्र झालं सांगलीला. याला उपेक्षा म्हणावं असं कुणालाही वाटेल. पण साठ वर्षांचा हिशेब मांडला तर कोल्हापूर जिल्ह्याचं यात भलंच झालं, असं माझं मत आहे. सांगलीचं केंद्र एका शहरापुरतं राहिलं नाही, आणि त्याचं श्रेय मध्यम लहरींना आहे.

सांगलीची वारंवारता 1251 किलोहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी सुमारे 240 मीटर. एवढी लांब लहर जमिनीच्या अंगाने दूरवर जाते, टेकडी आडवी आली तरी तिला वळसा घालते. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची; ती जवळपास सरळ रेषेत जाते आणि डोंगरामागचं गाव तिच्या आडोशाला राहतं. शिरोळ, हातकणंगल्याच्या सपाटीवर हा फरक फारसा जाणवत नाही. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या डोंगरी तालुक्यांत मात्र तो निर्णायक ठरतो. तिथे ट्रान्झिस्टरला तारही लागत नसे. काटा 1200 च्या थोडा पुढे न्यायचा आणि खरखर आली तर अख्खा सेट जागच्या जागी फिरवायचा. आतली फेराइटची कांडी केंद्राच्या दिशेला आडवी झाली की आवाज मोकळा होई.

त्या आवाजात काय होतं, तेही पाहायला हवं. पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, शेतीचे कार्यक्रम, बाजारभाव, भक्तिगीतं, नाट्यगीतं आणि चित्रपटगीतंसुद्धा. पन्नासच्या दशकात केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीची दारं जवळपास बंद केली, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले आणि 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली. सांगली केंद्र त्यानंतरचं. श्रोत्यांची आवड डावलून चालत नाही, हे तोवर सरकारला कळून चुकलं होतं. त्यामुळे उसाचा शेतकरी आणि गाण्याचा दर्दी एकाच केंद्राचे श्रोते झाले.

आता एफएमवर गाणी कितीतरी स्वच्छ ऐकू येतात, मग मध्यम लहरी हव्यात कशाला, असा प्रश्न विचारला जातो. गाण्यांपुरतं हे म्हणणं खरं आहे. पण खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवता येतं. म्हणजे कोल्हापुरात वाहिन्या वाढल्या, तरी रेडिओवरची बातमी वाढली नाही. दुसरा आक्षेप मोबाइलचा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग कितीतरी दिवस बंद राहिला, अनेक गावांची वीज गेली. वीज नसली की टॉवर आणि फोन किती वेळ टिकणार? ट्रान्झिस्टर दोन सेलवर कित्येक दिवस चालतो. सांगलीही नदीकाठीच आहे, असं कुणी म्हणेल. पण त्यावर उपाय प्रक्षेपकाला पुरापासून सुरक्षित करणं हा आहे, तो बंद करणं नव्हे. खर्चाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. मध्यम लहरींचे प्रक्षेपक वीज खूप खातात आणि जुन्या यंत्रांची दुरुस्ती अवघड होत जाते. तरीही एका प्रक्षेपकात जेवढा डोंगरी मुलूख येतो, तेवढ्यासाठी एफएमचे किती मनोरे उभारावे लागतील, हेही त्याच हिशेबात धरलं पाहिजे.

जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं धोरण प्रसार भारतीने स्वीकारलं आहे. या भागापुरती तरी एक मागणी कोल्हापूर आणि सांगलीच्या खासदारांनी लावून धरावी: आजरा, चंदगड, गगनबावड्यात एफएम प्रत्यक्ष किती गावांत ऐकू येतं ते आधी मोजा, आकडे जाहीर करा, आणि तोवर 1251 ला हात लावू नका.