ठिणगीची वाटणी

बेळगावच्या खडेबाजारात सणासुदीच्या गर्दीतून मुंगीच्या पावलांनी सरकणारी एखादी जुनी पद्मिनी आचके देते आणि बंद पडते. मागे भोंग्यांचा गजर सुरू होतो आणि 'आता ही मोडीत काढा' असा सल्ला बघे फुकट देतात. आमचे म्हणणे असे की, हा सल्ला मानण्यापूर्वी डिस्ट्रिब्यूटरचे झाकण एकदा उघडून पाहावे. पुष्कळदा दुखणे तेवढ्यातच असते.

यंत्राची ओढ या गावाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान येथेच थाटले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांची बॅटरीवर चालणारी प्रज्वलनयोजना कॅडिलॅक गाड्यांत आली. पुढे वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या पद्मिनीतही तेच तत्त्व राहिले.

पॉइंट मिटलेले असताना कॉईलमधून बारा व्होल्टचा प्रवाह वाहतो. ते उघडताच कॉईलमध्ये हजारो व्होल्टचा दाब उसळतो. फिरता रोटर तो ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगला पोचवितो. पंगतीत वाढणाऱ्याने पान चुकवू नये, तसेच हे. क्रम मात्र १-३-४-२ असा. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असता डिस्ट्रिब्यूटर निम्म्या गतीने फिरतो आणि सेकंदाला शंभर ठिणग्या वाटतो. त्यात किंचित ढिलाई झाली, तरी गाडीचा दम जातो आणि पेट्रोल वाया जाते.

आमच्याकडील पावसाळा या भागाचा वैरी. झाकणात दमटपणा शिरला, किंवा केसाएवढी चीर पडली, की करंट वाट सोडून पळतो. म्हणून बॅटरीची तार सोडून, प्लगच्या तारांना क्रमांक बांधून, झाकण कोरड्या फडक्याने पुसावे व उजेडात निरखावे. पॉइंटवर थोडी काजळी असेल तर ती हलकेच घासावी. खड्डे पडले असतील तर पॉइंट व कंडेन्सर दोन्ही नवे घालावेत. कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडले असता फटीचे माप फीलर गेजने घ्यावे. ते साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत असते; नेमका आकडा पुस्तिकेचाच मानावा. दांडा बाजूला हलत असेल, तर बुश बदलल्याविना नवे पॉइंटही टिकत नाहीत.

डिस्ट्रिब्यूटर खाली काढायचा झाल्यास आधी रोटरचे तोंड कोठे आहे याची खूण त्याच्या अंगावर, आणि अंगाची खूण इंजिनावर करावी. त्यानंतर इंजिन फिरवू नये. फिरलेच, तर पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा. हवेचा दाब जाणवला की टायमिंगची खूण जुळवावी आणि रोटर पहिल्या तारेकडे वळलेला ठेवून डिस्ट्रिब्यूटर बसवावा. कॉईलच्या पॉइंटकडील टोकास बारा व्होल्टचा बल्ब लावून त्याची दुसरी तार इंजिनास टेकवावी आणि बॅटरीची तार जोडून किल्ली फिरवावी. बल्ब पेटतो तो क्षण पॉइंट उघडण्याचा. तेथेच बोल्ट आवळावा.

आता गाड्यांची ठिणगी संगणक सांभाळतो. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. पॉइंटचा आवाज ऐकून दोष सांगणारे मेस्त्री वयोवृद्ध झाले असून त्यांच्या हाताखाली हे काम शिकणारी पोरे विरळा आहेत. ज्यांच्या अंगणात वडिलांच्या हातची गाडी उभी आहे, त्यांनी मेस्त्रीकडे जाताना मुलाला वा मुलीला बरोबर न्यावे. फटीचे माप, तारांचा क्रम, दुरुस्तीची तारीख घरच्या वहीत टिपून ठेवावी. घाटात, रात्री, भर पावसात गाडी थांबली असता ती वही मोठ्या आधाराची ठरते.