संगीतशास्त्रज्ञाचे दप्तर : जतन आणि सूची

गवयाची विद्या त्याच्या कंठात असते. संगीतशास्त्रज्ञाच्या आयुष्यभराच्या परिश्रमाची साक्ष त्याचे कागद देतात. छापील ग्रंथ ग्रंथालयांतून टिकून राहतात. परंतु टिपणवह्या, प्रवासाच्या रोजनिशा, पत्रव्यवहार आणि स्वरलिपीचे कच्चे खर्डे यांची बहुधा एकच प्रत असते. ती नष्ट झाली की सिद्धांत उरतो, पण त्यामागचा पुरावा हरपतो. म्हणूनच अशा दप्तराची पद्धतशीर सूची करणे अगत्याचे ठरते.

या कामाचे स्वरूप पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लेखनावरून चांगले ध्यानी येते. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या मुंबईकर पंडितांनी १९०४ मध्ये दक्षिण भारताचा आणि त्यानंतर पूर्व व उत्तर भारताचा प्रवास केला. ठिकठिकाणच्या कलावंतांशी व पंडितांशी झालेल्या चर्चा त्यांनी रोजनिशीत टिपून ठेवल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग त्यांनी मराठीत, तर ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ संस्कृतात लिहिले. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत अठराशेहून अधिक बंदिशी आहेत.

सूचीकाराची पहिली अडचण नावाची असते. भातखंडे यांनी संस्कृत ग्रंथ ‘चतुर पंडित’ या नावाने, तर काही लेखन ‘विष्णुशर्मा’ या नावाने प्रसिद्ध केले. स्वतःच्या रचनांत ‘चतुर’ आणि ‘हररंग’ अशा मुद्रा त्यांनी योजल्या. अशा वेळी एक नाव प्रमाण मानून बाकीच्या नावांखाली त्याचा निर्देश द्यावा लागतो. अन्यथा एकाच लेखकाचे कार्य अनेकांत विभागले जाते.

दुसरे सूत्र मूळ क्रमाचे. कागद ज्या क्रमाने हाती आले तो क्रम नोंदविल्याशिवाय ते विषयवार लावू नयेत. वहीत ठेवलेला सुटा कागद त्या पानाच्या तारखेशी संबंधित असू शकतो. प्रत्येक बाडाला मऊ पेन्सिलीने क्रमांक द्यावा आणि नोंदीत भाषा, लिपी, पृष्ठसंख्या, तारीख व कागदाची स्थिती लिहावी.

बंदिशींची सूची स्वतंत्र असावी. तिच्यात पहिली ओळ, राग, ताल, गीतप्रकार आणि ती कोणाकडून मिळाली हे यावे. एकाच बंदिशीचे दोन पाठ आढळल्यास ते एकत्र न करता दोन्ही नोंदवावेत. कारण परंपरांमधील भेद त्यातूनच कळतो. स्वरलिपीची पद्धतही नमूद करावी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तर तीव्र मध्यमावर उभी. पलुसकर पद्धतीची चिन्हे निराळी आहेत. नक्कल करताना ऋषभाखालची एक रेघ सुटली, तरी भैरवातील कोमल ऋषभ शुद्ध ठरून रागाचे रूपच पालटते! म्हणून संगणकावर उतरविलेल्या मजकुराशेजारी मूळ पानाचे छायाचित्र असणे आवश्यक आहे.

छायाचित्रे घेतली तरी मूळ कागदांची काळजी संपत नाही. गंजणाऱ्या टाचण्या काढून टाकाव्यात, चिकटपट्टी लावू नये आणि कागद आम्लरहित वेष्टनात, दमट हवा व कसर यांपासून दूर ठेवावेत.

अनेक संगीतज्ञांची दप्तरे आजही घराघरांतून कपाटांत पडून आहेत. ती रद्दीत जाण्यापूर्वी कुटुंबीयांनी निदान एका वहीत त्यांची साधी यादी करून ठेवावी. पुढील सूचीकाराला तेवढा आधारही मोलाचा ठरतो.