बोटं क्रम शिकतात ते कशाच्या आधाराने?

बटण दाबलं की दिवा लागतो, सूर वाजतो आणि वर खेळणं थरथरतंही. जितकी जास्त इंद्रियं कामाला लागतील तितकं शिकणं पक्कं, हा समज अशा खेळण्यांच्या खोक्यांवरूनच घरात येतो. त्याचा एक जोडीदारही आहे: नकळत होणाऱ्या शिक्षणाला लक्ष लागत नाही, कानांवर नि डोळ्यांवर पडत राहिलं की ते आपोआप मुरतं. दोन्ही समजांत थोडं तथ्य आहे, म्हणून तर ते इतके चिवट आहेत. पण कळफलकावर बोटांची चाल, पिनचे आकडे, ठेक्यातले बोल अशा क्रमांचं शिक्षण प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा निराळंच चित्र दिसलं. संवेदना किती आहेत याला फारसं महत्त्व नाही. क्रमात पुढे काय येणार याबद्दल, किंवा आपण आत्ता काय केलं त्याबद्दल, ती संवेदना काही सांगते का, यावर सगळं अवलंबून असतं.

या अभ्यासाची चौकट 1987 साली मेरी जो निसेन आणि पीटर बुलेमर यांनी घालून दिली. पडद्यावर चार जागा, खाली चार बटणं. दिवा लागेल त्याच्या खालचं बटण झटकन दाबायचं. दिवे दहा पावलांच्या एका ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा लागत होते, पण हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. कसेही लागणाऱ्या दिव्यांपेक्षा या दिव्यांवर लोकांचा हात कितीतरी वेगाने चालू लागला. कोर्साकॉफच्या विकारामुळे ज्यांना नव्या आठवणी धरून ठेवता येत नाहीत, असे रुग्णही क्रम शिकले, आणि दिव्यांना काही क्रम होता हे त्यांच्या गावीही नव्हतं. एवढा भाग सगळीकडे सांगितला जातो. त्याच अभ्यासातला दुसरा भाग मात्र सहसा गाळला जातो: दिव्यांबरोबर सूर वाजवून ते मोजत राहण्याचं जादा काम दिलं, तेव्हा क्रम शिकणं जवळपास खुंटलं. ‘नकळत’ याचा अर्थ ‘आपण काय शिकलो ते सांगता न येणं’ इतकाच आहे. ‘लक्ष न देता’ असा तो नाही. इथे कुणी म्हणेल की नुकसान मोजण्याने झालं, सुरांनी नव्हे. बरोबर आहे. पण ते सूर क्रमाबद्दल काहीच सांगत नव्हते, त्यामुळे त्यांच्याकडून फायदा होण्याचीही शक्यता नव्हती.

मग सूर उपयोगी कधी पडतात? व्हुर्त्सबुर्गच्या योआकिम हॉफमान आणि सहकाऱ्यांनी 2001 साली याचंच उत्तर शोधलं. त्यांच्या प्रयोगात सूर बटण दाबल्यानंतर वाजत असे, म्हणजे पुढचा दिवा ओळखायला तो उघडपणे निरुपयोगीच. तरीही प्रत्येक बटणाला त्याचा असा एक ठरलेला सूर होता, तेव्हा क्रम अधिक चांगला शिकला गेला. सुरांची ही बांधणी पक्की नसली, तर तसा लाभ दिसला नाही. 2003 च्या पाठपुराव्यात आणखी एक बारकावा पुढे आला: डावीकडून उजवीकडे सूर चढत गेले तर लाभ वाढतो. पेटी वाजवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. तबल्याच्या शिक्षणातही प्रत्येक आघाताला त्याचा बोल बांधलेला असतो, आणि बोल आधी तोंडी घटवून घेतले जातात. परंपरेने हा नियम प्रयोग करून शोधला असा दावा करण्याची गरज नाही, पण रचना तीच आहे.

आता मुख्य आक्षेप. दोन संवेदना एकीपेक्षा सरस ठरल्याचे पुरावे आहेतच की! रॉबर्टसन आणि पास्कुआल-लिओने यांनी 2001 मध्ये दाखवलं की जागा आणि रंग या दोन्ही खुणांनी क्रम सांगितला, तर तो एकेका खुणेपेक्षा चांगला शिकला जातो. पुरावा खरा आहे. पण तिथे दोन्ही खुणा एकच क्रम सांगत होत्या, आणि दोन्ही डोळ्यांनाच दिसत होत्या. ‘जास्त इंद्रियं’ हा त्याचा अर्थ होत नाही. खरोखर दुसरं इंद्रिय जोडलं ते नेदरलँड्समधल्या एल्गर अब्राहमसे आणि सहकाऱ्यांनी. 2009 च्या त्यांच्या अभ्यासात एका गटाला फक्त दृश्य खुणा, दुसऱ्याला फक्त स्पर्शाच्या, तिसऱ्याला दोन्ही मिळाल्या. दोन्हीवाला गट आणि फक्त दृश्यवाला गट बरोबरीत राहिले. स्पर्शाची भर वाया गेली. फक्त स्पर्शवाले सरावात मागे पडले खरे, पण नंतर सगळ्यांना सारख्याच खुणा देऊन तपासलं तेव्हा त्यांचं शिकणं बहुधा कमी नव्हतं, शिकलेलं हातातून दिसणंच कमी होतं, असा निष्कर्ष निघाला. मुलाचा वेग कमी दिसला की ‘याला या पद्धतीने जमत नाही’ असा शिक्का मारणाऱ्यांनी हा निष्कर्ष दोनदा वाचावा. ‘हा डोळ्यांनी शिकणारा, ती कानांनी शिकणारी’ या वर्गवारीलाही आधार तुटपुंजा आहे: हॅरल्ड पॅशलर आणि सहलेखकांनी 2008 मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, आणि शिकवण्यात तिचा वापर करण्याजोगा पुरावा त्यांना आढळला नाही.

हे शिकणं खरोखर ‘नकळत’ असतं का, यावर मात्र वाद मिटलेला नाही. शँक्स आणि सेंट जॉन यांनी 1994 मध्येच शंका काढली होती की लोकांना तुकड्यातुकड्यांनी क्रम कळलेला असतो, आपण नीट विचारत नाही इतकंच. 2001 मध्ये देस्त्रेबेक आणि क्लीरमान्स यांनी लोकांना ‘शिकलेला क्रम टाळून बटणं दाबा’ असं सांगितलं. सरावात एका दाबानंतर क्षणाचीही उसंत न देता पुढची खूण आलेली असली, तर त्यांना तो टाळता येईना. म्हणजे ज्ञान होतं, ताबा नव्हता. 2004 मध्ये विल्किन्सन आणि शँक्स यांना हा परिणाम पुन्हा मिळाला नाही. पण हा वाद जाणिवेचा आहे. खूण क्रमाशी किंवा कृतीशी बांधलेली असावी लागते, या मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही.

तेव्हा दुकानात खेळणं हातात घ्याल, तर तेच बटण चार वेळा दाबून पाहा. दर वेळी वेगळाच आवाज येत असेल, तर शिकण्याच्या नावाखाली त्या आवाजाचे जादा पैसे मोजू नका.